हद्द ओलांडली तरी पोटगी चुकत नाही

बाप घर सोडून परमुलखात गेला, बायको लेकरांना घेऊन माहेरी आली, तर त्या लेकरांना पोसायचे कोणी? बापाने, असे आपण चटकन म्हणाल. पण तो हद्दीपलीकडे असला तर त्याला हुकूम कोणत्या कोर्टाने करावा? या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू.

१८६१ च्या फौजदारी कायद्यात पोटगीचे कलम आले. ऐपत असून बायकोमुलांना न पोसणाऱ्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम बांधून द्यावी, हा त्याचा हेतू. १८९८ च्या कायद्यात हेच कलम ४८८ वे झाले. रक्कम फार तर ५० रुपये. १९५५ मध्ये ही मर्यादा ५०० वर गेली.

अर्ज करायचा तो कोठे? नवरा राहतो किंवा असेल तेथे, अगर दोघांनी शेवटी एकत्र संसार केला तेथे. म्हणजे माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या कोर्टाचा बहुधा उपयोग नाही! कडेवर मूल घेऊन दूरच्या कोर्टात खेटे घालणे कितीजणींना जमणार? त्यात पुन्हा संस्थाने. सोलापूरचा माणूस निजामाच्या मुलखात गेला, की ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप चालत नसे. संस्थाने विलीन झाली, १९५१ मध्ये हा कायदा हैदराबादसारख्या राज्यांनाही लागू झाला, तेव्हा ही पळवाट बुजली.

१९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. नवरा आफ्रिकेत नोकरीला, बायको व मुलगी पंजाबात. न्यायालयाने म्हटले, कायद्यात 'राहतो' याखेरीज 'असेल' असाही शब्द आहे. तेव्हा अर्जाच्या वेळी माणूस त्या जिल्ह्यात असला, मग तो थोड्या दिवसांसाठी का असेना, तरी पुरे.

खरी वाट मोकळी झाली ती १९७३ च्या संहितेने. ती १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, आणि पत्नी राहते तेथेही अर्ज करता येऊ लागला. कोर्टच जणू माहेरच्या दारी आले. ५०० रुपयांची मर्यादा २००१ मध्ये गेली. आता, १ जुलै २०२४ पासून, हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ ते १४७ या कलमांत आहे.

हुकूम नांदेडचा आणि बाप सुरतेला, मग? तरीही भिऊ नये. माणूस तोच आहे आणि पैसे थकले आहेत, एवढी खात्री पटली की सुरतेचा मॅजिस्ट्रेट तो हुकूम अमलात आणू शकतो. मात्र रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. पुष्कळांचा हक्क बुडतो तो या दिरंगाईनेच.

गुरुजी, आपल्या शाळेच्या रजिस्टरात मुलाची जन्मतारीख व बापाचे नाव असते. अशा वेळी त्या नोंदीचा उतारा फार कामी येतो. आईने तो मागितला, तर तिला हेलपाटे घालायला लावू नका.