फिट आली, मग पुढे?

आपल्याकडे फिट येणाऱ्या माणसालाच सगळ्यात कमी विचारलं जातं. आजूबाजूचे सांगतात: डोळे फिरले, दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. कुणी कांदा हुंगायला देतं, कुणी चप्पल. दवाखान्यातही आई बोलते, नाहीतर नवरा बोलतो, आणि जिला फिट आली ती शेजारच्या खुर्चीत गप्प. तिला काय आठवणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. ‘अपस्मार’ या जुन्या नावातही तेच आहे: स्मृती निघून जाणं.

पण आठवत नाही, हे ती कसं सांगते? त्या सांगण्यात निदानाची खूण असू शकते. मी भाषेच्या ओढीने या गोष्टीपर्यंत पोचले आणि मग तिचा इतिहास वाचत गेले.

आधी अडचण काय ते पाहू. एपिलेप्सीत मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक विजेचा कल्लोळ उठतो. दुसऱ्या एका प्रकारच्या झटक्यांत असा कल्लोळ नसतो. त्यामागे बरेचदा ताण असतो, एखादा जुना आघात असतो. ते सोंग नव्हे, त्या माणसाच्या ते हातात नसतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे. एकाला गोळ्या लागतात, दुसऱ्याला मानसोपचार. जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचं निदान व्हायला सरासरी सात वर्षांहून जास्त काळ लागल्याचं दिसलं. तोवर नको त्या गोळ्या चालू राहतात आणि हवा तो उपचार लांबतो.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तीं शार्को हा मोठा डॉक्टर याच कोड्याशी झटत होता. त्याचा भरवसा डोळ्यांवर. झटका आलेल्या बायकांची तिथे चित्रं काढली जात, फोटो घेतले जात, भरल्या सभागृहात त्यांना समोर आणून व्याख्यानं होत. १८८५ साली व्हिएन्नाहून शिकायला आलेल्या फ्रॉइडने पुढे शार्कोबद्दल लिहिलं की हा मूळचा बघणारा माणूस. त्या फोटोंमधल्या बायका आज आपल्याकडे बघतात. त्यांनी स्वतःच्या झटक्याबद्दल काय सांगितलं असतं, ते फोटोत येत नाही.

मग यंत्र आलं. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज कागदावर उतरवली आणि १९२९ साली ते जाहीर केलं. हाच आपला ईईजी. त्याने फार मोठं काम केलं. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात एपिलेप्सी असलेल्याचा ईईजीही साफ येऊ शकतो. खात्री हवी तर व्हिडिओ आणि ईईजी एकत्र लावून, झटका येईपर्यंत वाट बघायची. ही सोय सगळीकडे नसते.

कानाची पाळी आली ती वेगळ्याच वाटेने. १९६०च्या दशकात अमेरिकेत हार्वी सॅक्स नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्राला येणाऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकत होता. कोण कुठे थांबलं, कुणी वाक्य अर्ध्यात सोडलं, कुणी शब्द बदलला, यालाही नियम असतात, हे त्याने दाखवलं. संभाषण-विश्लेषण ही विद्याशाखा त्यातून उभी राहिली.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या बीलेफेल्डमध्ये भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ ग्युलिश आणि बेथेलच्या एपिलेप्सी केंद्रातले डॉक्टर मार्टिन श्योनडीन्स्ट यांनी हे कसब दवाखान्यात आणलं. एरवी डॉक्टर विचारतात, “जीभ चावली? लघवी झाली? किती मिनिटं?” रुग्ण हो-नाही म्हणतो. इथे डॉक्टर एक मोकळा प्रश्न विचारून गप्प बसायचे. नंतर पहिला झटका, शेवटचा झटका, सगळ्यात वाईट झटका, एवढंच विचारायचे.

एपिलेप्सी असलेले लोक बहुधा शब्दांशी झगडत. “गरगरतं... म्हणजे गरगरत नाही, आतून काहीतरी वर चढतं.” थांबत, खोडत, पुन्हा सांगत. स्मृती कुठे तुटली त्याची कड नेमकी दाखवू बघत: नळ सोडला इथवर आठवतं, नंतर एकदम जमीन. दुसऱ्या प्रकारात बरेच जण “काहीच कळत नाही” म्हणून थांबत. झटका कुठे आला, त्याने काय काय बिघडलं, हे मात्र भरभरून सांगत.

पुढे मार्कस रॉयबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हे तपासलं. वैद्यकीय माहिती काहीही न देता भाषाशास्त्रज्ञांसमोर २० रुग्णांच्या मुलाखती ठेवल्या. २००९ साली निकाल छापून आला: २० पैकी १७ निदानं बरोबर. तीन चुकली, हेही लक्षात ठेवायचं. हे ऐकणं तपासण्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

मराठीत हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. त्याच संशोधनात असं दिसलं की एपिलेप्सीचे इंग्रजीभाषक रुग्ण झटक्याला बाहेरून चाल करून येणारी शक्ती मानून बोलतात. पण आपल्याकडे फिट ‘येते’च, जशी झोप येते, राग येतो, आठवण येते. व्याकरणच तिला कर्ता करून टाकतं. म्हणजे खुणा आपल्या भाषेत नव्याने शोधाव्या लागणार, आणि त्यासाठी आधी रुग्णाला बोलू द्यावं लागणार.

चुकीच्या शिक्क्याची किंमत आपल्याकडे औषधांपुरती राहिलेली नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे लग्न रद्द करायला कारण ठरत होतं. ते कलमातून निघालं १९९९ साली. ठरलेली लग्नं मात्र अजूनही या एका शब्दावर मोडतात, आणि म्हणूनच घरचे पुढे होऊन बोलतात, मुलीला गप्प बसवतात.

तुमच्यासमोर कुणाला फिट आली तर आधी त्या माणसाला सांभाळा; दुसरं कुणी हाताशी असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण डॉक्टरांच्या खोलीत तो दाखवून झाला की दोन मिनिटं आपण गप्प बसा. तिला बोलू द्या. ती अडखळली तर शब्द पुरवू नका.