अनुदानाची चूल

घरातले जळण वाचावे म्हणून सरकारने पैसे मोजण्याची एक मोठी मोहीम आपल्या खेड्यांत चुलीसाठी झाली. सुधारित चुलीचा कार्यक्रम केंद्राने १९८३ साली काढला आणि २००२ साली बंद केला; दरम्यान देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद आहे.

मुखेडच्या बाजूचे जुने घर माळवदाचे. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, धूर जायला छतात सवणे. बिनधुराच्या चुलीला मात्र धुरांडे लागे. त्यासाठी माळवदाला भोक पाडायचे म्हणजे पावसाळ्यात गळती ओढवून घेणे. भाकरीची अडचण त्याहून मोठी. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर शेकतात, तेव्हा ती फुगते. जळण वाचवायला चुलीचे तोंडच लहान केले, तर भाकरी टेकवायची कुठे? तुराट्या-पऱ्हाट्यांचे लांब सरपणही त्यात धड जात नाही. विचारले असते तर कुठल्याही बाईने हे एका वाक्यात सांगितले असते. पण वर्षाचे उद्दिष्ट बसवलेल्या चुलींच्या संख्येत ठरे. त्यांतल्या किती पेटत्या राहिल्या, हा प्रश्न मागाहून आला.

गोबरगॅसची गोष्ट थोडी वेगळी. १९८१-८२ पासूनच्या राष्ट्रीय प्रकल्पात अनुदानाला बँकेच्या कर्जाची जोड होती. फेडायचे म्हटल्यावर माणूस दहादा विचार करतो, आणि माझ्या मते ते बरेच होते. मात्र दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते. कोरडवाहू शिवारात उन्हाळ्यातले पाणी आधी दावणीला जाते.