विद्यापीठाच्या आधीची वर्षे

हाईम समुएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाची इस्रायली शाळा निघाली. मॅट्रिकशिवाय कॉलेज नाही, हे वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. इस्रायलात मॅट्रिकच्या जागी बगरूत आली. परंतु बगरूत सर्वांची सारखी नसते, हे पुष्कळ आईबापांना उशिरा कळले. गणित तीन युनिटांचे की पाच, यावर विद्यापीठातील विभाग अवलंबून असतो, आणि त्याचा पाया बारावीत नव्हे, सातवी ते नववीत पडतो.

१९५५ नंतर येथे आठवीच्या मुलांची ‘सेकेर’ परीक्षा होई. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी तिची उत्तीर्ण होण्याची पातळी खाली आणली गेली. मुले पुढच्या शाळेत गेली खरी, पण कच्चे राहिलेले गणितही त्यांच्याबरोबर गेले. दिमोना, बीरशेवा, लोद अशा गावांतील कितीतरी मुले ‘मिकसोई’ शाळेत घातली गेली. त्यांतही वरचे-खालचे वर्ग होते आणि खालच्या वर्गातून पूर्ण बगरूतपर्यंत वाटच नव्हती. हातात कसब आले, ते वाईट नव्हे. पण चौदाव्या वर्षी घेतलेल्या वळणावरून परत फिरणे किती कठीण, हे घरी कोण सांगणार? आईबाप स्वतःच हिब्रू शिकत होते!

१९६८ च्या सुधारणेने मधली शाळा आली व निरनिराळ्या थरांतील मुले एका छपराखाली बसली. १९७८ साली माध्यमिक शिक्षण मोफत झाले. फी गेली, परंतु गणित-इंग्रजीच्या वेगळ्या तुकड्या राहिल्या.

मी परिचारिका होते, म्हणून एक सांगते. औषधाची मात्रा काढणे म्हणजे शाळेतले त्रैराशिक. शिकाऊ मुलींत हुशारी सारखीच असे. ज्यांचे त्रैराशिक शाळेत पक्के झाले नव्हते, त्यांना पहिले वर्ष फार जड जाई. रोग्याशी बोलण्यात त्याच मुली कित्येकदा सरस असत.

लष्करातून सुटलेल्या अशा तरुणांसाठी विद्यापीठांनी १९६० नंतरच्या दशकात मेखिना सुरू केली. माझ्या मते एवढा उपयोगी उपाय दुसरा झाला नाही. शाळेत राहिलेले गणित-इंग्रजी तेथे भरून निघते आणि मग विद्यापीठात पाय टिकतो. मात्र सेनेची वर्षे संपल्यावर आणखी एक वर्ष न कमावता शिकायचे, आणि ज्या घराला त्याच पगाराची वाट असते, तेथे ते वर्ष मागायला मुलाची जीभ रेटत नाही.