तारा मोठा की भोक मोठं? गेममधल्या आकाशाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले 'म्हणजे... म्हणजे' तेवढे गाळलेत.

तर, शिरवळ. आमची खोली, रात्रीचे दहा, आणि लॅपटॉपवर केर्बल स्पेस प्रोग्राम. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, २०११ साली मेक्सिकोतल्या स्क्वॉड कंपनीनं आणलेला हा गेम. रॉकेट बांधायचं, उडवायचं आणि बहुतेक वेळा पाडायचं. त्या दिवशी मी रॉकेट सोडून आकाशाच्याच मागं लागलो होतो. नवा मोड टाकून अख्खं आभाळ बदललं होतं आणि स्वतःवर जाम खूश होतो. आबा पाठीमागं येऊन उभे राहिले.

"लई चांदण्या हायत की रं," म्हणाले. आणि मग, "पण सगळ्या सारख्याच कशा?"

आमच्या आबांचं निम्मं आयुष्य रात्रीची दारं धरण्यात गेलंय. मोटरीला लाईट रात्रीच मिळणार, मग उसात उभं राहायचं आणि तिकांडं कुठवर कललंय त्यावरून किती वाजले ते ठरवायचं. (तिकांडं म्हणजे मृगातले ते ओळीतले तीन तारे. शाळेत आपल्याला मृग शिकवतात, तिकांडं कुणी शिकवत नाही.) असा माणूस 'सारख्याच' म्हणतो तेव्हा ऐकावं लागतं.

आधी मी काय केलं होतं ते सांगतो. अशा गेममधलं आकाश बहुतेक वेळा 'स्कायबॉक्स' असतं. तुम्ही एका खोक्यात बसलाय आणि खोक्याच्या सहाही बाजूंना आतून चित्रं चिकटवलीत, असं समजा. केर्बलचं मूळ आकाश काल्पनिकच आहे, त्यात सप्तर्षी शोधून सापडणार नाहीत. पण टेक्श्चर रिप्लेसर नावाचा मोड घातला की त्या सहा चित्रांच्या जागी आपली सहा चित्रं बसवता येतात. चित्र कुठून आणायचं? नासानं २०२० मध्ये ताऱ्यांचा एक नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. त्यात हिप्पार्कोस, टायको आणि गाया या सूचींमधले मिळून १७० कोटी तारे मांडलेत. तो सपाट नकाशा कापून त्याच्या सहा भिंती करायच्या.

पहिल्या खेपेला मी भिंती उलट्या लावल्या. डावं-उजवं बदललं आणि सप्तर्षींची शेपटी भलत्याच बाजूला वळली. नंतर वाचताना कळलं की ही चूक फार जुनी आहे, आणि जुन्या लोकांनी ती मुद्दाम केलेली. युरोपात आणि अरबस्तानात पितळेचे, लाकडाचे खगोल बनायचे, त्यांवर तारे 'बाहेरून' पाहिल्यासारखे कोरलेले असायचे. म्हणून त्या गोलांवरची नक्षत्रं आरशातल्यासारखी उलटी दिसतात. आपण गोलाच्या आत राहतो आणि गोल हातात धरायचा तर बाहेर उभं राहावं लागतं, त्याला काय करणार!

आता आबांच्या प्रश्नाकडे. 'सारख्याच कशा?'

ताऱ्यांना ठळकपणाचे नंबर द्यायची पद्धत प्राचीन ग्रीकांची. सगळ्यांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. तिला गणित दिलं नॉर्मन पॉग्सननं, १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पट. म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. हा पॉग्सन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये तिथंच वारला. आज कुठलाही गेम ताऱ्याचा उजेड मोजतो तो त्याच्याच सूत्रानं.

हिशेब करून बघा. व्याधाची प्रत उणे १.४६, अंधुक ताऱ्याची ६. फरक जवळपास साडेसात, म्हणजे उजेडात सुमारे हजार पट. आणि स्क्रीनवरच्या एका ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या साधारण २५६. अंधुक तारा दिसावा म्हणून तो थोडा उजळ केला की व्याधाला वर जायला जागाच उरत नाही. माझ्या आकाशात नेमकं हेच झालं होतं. १७० कोटी तारे खरे, जागा खऱ्या, पण चेहरा एकाचाही नाही.

मग लोकांनी काय केलं? लबाडी केली. आणि ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

१९२३ साली म्युनिकमध्ये झाइस कंपनीनं पहिला तारांगणाचा प्रोजेक्टर दाखवला. सुमारे ४,५०० तारे, पण आकाश फक्त म्युनिकच्या अक्षांशाचं. आपला अगस्ती त्यात उगवणं शक्यच नव्हतं. शिरवळहून ध्रुव उत्तरेला साधारण १८ अंशांवर असतो आणि अगस्ती दक्षिणेला चढून चढून १९ अंशांवर येतो, दोघे जवळजवळ सारख्याच उंचीवर. हे जर्मनीत बसून कधीच दिसत नाही. असो. झाइसचं यंत्र प्रचंड महाग. मग १९४७ मध्ये अमेरिकेत आर्मंड स्पिट्झनं स्वस्तातला मार्ग काढला. बारा बाजूंचा पोकळ डबा, आत एक बारीक दिवा, आणि डब्याला भोकं. ठळक ताऱ्याला मोठं भोक, अंधुक ताऱ्याला सुईच्या टोकाएवढं.

खरं तर आकाशात कुठलाच तारा डोळ्यांना मोठा दिसत नाही, सगळे टिंबच. पण मोठं टिंब आपल्याला 'जास्त उजेडाचं' वाटतं. स्पिट्झच्याच कंपनीचा प्रोजेक्टर पुण्यात आला आणि १९५४ मध्ये टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. भारतातलं पहिलं तारांगण, तेही शाळेत! आपल्या शिरवळहून एसटीनं गेलात तर स्वारगेटला उतरून चालत जाण्याएवढं जवळ.

भोकाचा पुढं पिक्सेल झाला, एवढंच. २००१ मध्ये ख्रिस लॉरेलचं सेलेस्टिया आलं, हिप्पार्कोस उपग्रहानं मोजलेल्या १,१८,००० च्या आसपास ताऱ्यांसकट. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फाबियां शेरोनं स्टेलॅरियम लिहायला घेतलं. दोन्हींत ठळक तारा थोडा मोठा आणि भोवती जरा वलय. स्पिट्झचंच भोक ते.

मीही तेच केलं. नकाशातले अंधुक तारे चक्क दाबले, ठळक तीनेकशे तारे फुगवले. दुसरा एक मोडही घातला, डिस्टंट ऑब्जेक्ट एन्हान्समेंट. सूर्य किंवा उजळलेला ग्रह समोर आला की तो मागचे तारे मंद करतो. चंद्रावरच्या अपोलोच्या फोटोंत तारे का नाहीत, ह्यावरून अजूनही व्हॉट्सॲपवर भांडणं होतात ना? कारण हेच. उन्हातल्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की ताऱ्यांपुरता उजेड आतच येत नाही. डोळ्यांचंही तसंच, अंधाराला नीट सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटं लागतात.

मग आबांना परत बोलावलं. ह्या वेळी केर्बल नाही, स्टेलॅरियम. ठिकाण शिरवळ. गंमत म्हणून साल १६४८ टाकलं. फत्तेखानाच्या स्वारीत नीरेकाठच्या सुभानमंगळासाठी लढाई झाली ते साल. तेव्हा ध्रुव खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे अडीच अंश लांब होता, पाच पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढा. आज पाऊण अंशाच्या आत आलाय. जागांचं गणित असं चोख निघतं, साल कुठलंही टाका. उजेडाचं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

त्यासाठी स्टेलॅरियममध्ये प्रकाश-प्रदूषणाची एक पट्टी आहे, जॉन बॉर्टलनं २००१ मध्ये मांडलेल्या १ ते ९ च्या मापावर. १ म्हणजे गडद अंधार, ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. आमच्या गच्चीवर हायवे, एमआयडीसीचे दिवे. तिथून मोजलं तर मला सप्तर्षींतले सहाच दिसतात. मी पट्टी ८ वर ठेवली. खोलीतला दिवा बंद केला.

"हे आत्ताचं," आबा म्हणाले. "मागं घे."

७. ६. ५. आबा गप्प. ४ वर आकाशगंगा उमटायला लागली.

"अजून."

३ वर ते थांबले. पुढं वाकले, तिकांड्यावर बोट ठेवलं, मग तिथून खाली व्याधापर्यंत नेलं. "हां. हे मळ्यातलं. विहिरीपाशी उभं राहिल्यावर."

"साल कुठलं, आबा?"

"तुझ्या आत्याचं लग्न झालं त्याच्या आधीचं."

मी वहीत लिहून ठेवलं : मळा, बॉर्टल ३. त्या आकाशाशी ताडून केर्बलमधली सहाही चित्रं परत केली. काही तारे अजून दाबावे लागले, रोहिणी जरा तांबूस करावी लागली. आबांनी दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवली आणि झोपायला गेले.