बंद कारखान्याची किल्ली

 

आज आम्ही एका बंद पडलेल्या कारखान्याची गोष्ट सांगणार आहोत. ती का सांगावीशी वाटली, ते आधी ऐका. आमच्या गटाचं चटणीचं कांडप यंत्र दोन हंगाम पोत्याखाली झाकून पडलं होतं. हप्ते थकले होते. बाजारात एकमेकींची गाठ पडली की आम्ही नजर चुकवायचो. बैठकीला कुणी येईना, कारण बैठक म्हणजे हिशोब आणि हिशोब म्हणजे भांडण. अशा वेळी आमच्यातल्या एकीनं कल्पना सरोज यांचं नाव काढलं.

कल्पनाताईंचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, रोपरखेडा गावी, एका दलित कुटुंबात झाला. वडील पोलीस हवालदार. बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या मुंबईच्या झोपडपट्टीत आल्या. सासरी छळ झाला, तेव्हा वडिलांनी माघारी आणलं. गावानं बोल लावले, जगणं नकोसं झालं. तरी त्यातून त्या उठल्या. पुन्हा मुंबई गाठली आणि कपड्यांच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपयांवर कामाला लागल्या. पुढं सरकारी योजनेतून ५० हजारांचं कर्ज काढून त्यांनी शिवणकाम आणि फर्निचरचा धंदा उभा केला.

आता कारखान्याकडं येऊ. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्स हा तांब्याच्या नळ्या करणारा कारखाना होता. रामजीभाई कमानी या उद्योगपतीच्या घराण्याचा. मागं घरात वाद लागले आणि १९८० नंतरच्या वर्षांत कारखाना बंद पडला. १९८५ मध्ये देशात आजारी उद्योगांसाठी कायदा झाला होता आणि त्याखाली एक मंडळ नेमलं गेलं. कामगार म्हणाले, आम्हीच चालवतो. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली आणि कामगारांची सहकारी संस्था कारखान्याची मालक झाली. देशभर त्याचं कौतुक झालं.

सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. पण मालक सगळेच झाले, तेव्हा अंतिम शब्द कुणाचा हे ठरेना. दोन युनियन, कोर्टकज्जे आणि चढतं कर्ज यांत कारखाना पुन्हा बुडाला. कामगार आळशी होते म्हणून तो बुडाला, असं कुणी म्हणू नये. काम करणारे हात होते. खेळतं भांडवल आणि ठरलेली जबाबदारी यांची मात्र वाण होती.

२००० साली कामगार कल्पनाताईंकडं आले. त्या वेळी कंपनीवर ११६ कोटींचं देणं होतं आणि शंभराहून जास्त दावे चालू होते. ताईंना नळ्यांच्या धंद्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी काय केलं? आधी जाणकार माणसं गोळा केली आणि कर्जाचे कागद उलगडले. तेव्हा कळलं, की देण्यातला मोठा वाटा मुद्दलाचा नव्हताच. तो दंडाचा आणि व्याजावरच्या व्याजाचा होता. मग त्या अर्थमंत्र्यांपर्यंत गेल्या आणि बँकांशी बोलणी झाली. कारखाना विकून काढला तर तुमच्याही हाती फार काही लागणार नाही, आणि चालला तर सगळ्यांचंच भागेल, हे त्यांनी पटवलं. दंड-व्याज माफ झालं, मुद्दलही काही कमी झालं.

२००६ मध्ये कंपनीची सूत्रं रीतसर त्यांच्या हाती आली. बँकांचं देणं फेडायला सात वर्षांची मुदत होती, ते एका वर्षात फेडलं आणि कामगारांचे थकलेले पगारही मुदतीच्या आत दिले, असं त्या स्वतः सांगतात. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, पद्मश्रीचं राहू द्या. आम्हाला त्यातली कागदाची गोष्ट लागली. आम्ही बैठक बोलावली आणि वहीची दोन पानं केली: एका पानावर मुद्दल, दुसऱ्यावर व्याज-दंड. वाटलं होतं त्याहून मुद्दल कमी निघालं. मग दोघी-तिघी मिळून बँकेत गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, हप्ते लांबवून दिले. माफी काही मिळाली नाही, तेही सांगून ठेवतो. यंत्राची जबाबदारी एकीकडं, वसुलीची दुसरीकडं, असं नाव घालून लिहिलं. उन्हाळ्यात मिरची आली तशी यंत्रावरची पोती काढली.

अजून दोन हप्ते मागं आहेत. पण आता बाजारात आम्ही थांबून बोलतो.

तुमच्या गटातही एखादं यंत्र, शिलाई मशीन, पीठगिरणी झाकून पडली असेल. येत्या बैठकीत भांडणाआधी वही उघडा. मुद्दल किती, व्याज किती, आणि कोणतं काम कुणाचं, एवढं तीनच प्रश्न विचारा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा, ती लिहील. आणि बँकेत जाताना एकटी जाऊ नका.

येतो आम्ही. नमस्कार.