ट्रेडमिल घ्यायचीय? सातारा-सांगलीत पळणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

जून लागला की साताऱ्यात नियमित पळणाऱ्यांची एक अडचण ठरलेली असते. २०१२ पासून सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन साधारण सप्टेंबरमध्ये होते. म्हणजे सराव वाढवायचे आठवडे येतात नेमके जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये. याच दिवसांत यवतेश्वरच्या घाटात धुकं असतं, रस्ता निसरडा असतो आणि पहाटे पाचला समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसाल याची खात्री नसते. तिकडे सांगलीत चढ नाही, पण पाऊस वाढला की सगळ्यांचं लक्ष कृष्णेच्या पातळीकडे लागतं आणि पळणं बाजूला राहतं.

मग घरात विषय निघतो, "एक ट्रेडमिलच घेऊन टाकू." मोबाईलवर शोधलं की २० हजारांपासून लाखापर्यंत सगळं दिसतं. प्रत्येक मशीनवर मोठ्ठ्या अक्षरात 'पॉवरफुल मोटर' लिहिलेलं असतं. घेतलेली मशीन चालण्यासाठी आहे की पळण्यासाठी, हे मात्र अनेकांना सहा महिन्यांनी कळतं. तोवर तिच्यावर टॉवेल वाळत पडायला लागलेले असतात.

त्यामुळे बजेट कमी असेल, तर नेमकं काय बघायचं? एकेक मुद्दा घेऊ.

चालण्याची मशीन आणि पळण्याची मशीन यात फरक काय?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ट्रेडमिल हा शब्द हॉस्पिटलमधून आलाय. हृदयाची तपासणी करताना जी 'टीएमटी' करतात, त्यातला एक टी ट्रेडमिलचाच. त्या तपासणीच्या प्रचलित ब्रूस पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर होते. म्हणजे सुरुवातीला माणूस फक्त चालत असतो.

पळताना गणित बदलतं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर खाली पडतो. ७० किलोचा माणूस असेल तर प्रत्येक पावलाला १४० ते २१० किलोइतका. हा मार पट्टा, त्याखालची फळी, रोलर आणि मोटर सगळ्यांनाच बसतो. म्हणून चालण्यासाठी पाच वर्षं टिकणारी मशीन पळण्यात वर्षभरात दम तोडू शकते.

४ एचपीची मोटर खरंच ४ एचपीची असते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. जाहिरातीत दोन प्रकारचे आकडे येतात. एक 'पीक', म्हणजे मोटर काही क्षणांपुरती देऊ शकते ती ताकद. दुसरा 'कंटिन्युअस', म्हणजे सलग चालताना मोटर जी ताकद टिकवू शकते ती. आपल्याला अर्धा-पाऊण तास पळायचंय, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा दुसरा.

फसवणूक पकडायची एक सोपी युक्ती आहे, तीही शाळेतल्या भौतिकशास्त्राची. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ४ एचपी म्हणजे जवळपास २,९८४ वॅट. आपल्या घरातलं मोबाईल चार्जरचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्ट गुणिले ६ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १,३८० वॅट. एचपीमध्ये १.८५. आता मशीनला ६ अँपिअरची छोटी पिन असेल आणि खोक्यावर ४ एचपी लिहिलं असेल, तर ती ताकद सलग मिळणं शक्यच नाही. तो आकडा 'पीक'चाच.

मग किती हवी? आठवड्यातून तीन-चार दिवस पळणाऱ्या आणि ७५ किलोपर्यंत वजन असलेल्या माणसाने कंटिन्युअस २.५ एचपी धरून चालावं. वजन जास्त असेल किंवा घरातले दोघं-तिघं वापरणार असतील, तर ३ एचपी. अशा मशीनसाठी फ्रीज-गिझरला लागतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट घ्या.

एवढी मोटर म्हणजे वीजबिल फुटणार का? नाही. मोटर कायम पूर्ण ताकदीने चालत नाही. तासाला सरासरी पाऊण युनिट धरलं आणि आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटं पळालात, तर वर्षाला सुमारे १४० तास आणि १०४ युनिट होतात. म्हणजे महिन्याला नऊ युनिटच्या आसपास.

पट्टा किती लांब, किती रुंद?

पळताना पाऊल लांब पडतं. पट्टा आखूड असेल तर आपण नकळत छोटी पावलं टाकतो आणि पळण्याची ढब बिघडते. सर्वसाधारण उंचीच्या माणसाला किमान १३० ते १४० सेंटिमीटर लांबी आणि ४५ ते ५० सेंटिमीटर रुंदी हवी. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर १५० सेंटिमीटर लांबी बघा. दुकानात गेलात तर कापड मोजायची टेप सोबत न्या. पूर्ण मशीनची लांबी आणि पळायच्या पट्ट्याची लांबी हे वेगवेगळे आकडे आहेत, आणि जाहिरातीत अनेकदा पहिला आकडाच ठळक असतो.

आणखी तीन गोष्टी विचारा. पट्ट्याखालच्या फळीची जाडी १८ मिलिमीटर किंवा जास्त असावी. रोलर जितका जाड, तितकी बेअरिंग आणि पट्ट्यावर झीज कमी. आणि 'जास्तीत जास्त वजन' हा आकडा आपल्या वजनापेक्षा किमान २५ ते ३० किलोने जास्त हवा. ८५ किलोच्या माणसाने ९० किलो मर्यादेची मशीन घेणं म्हणजे रोज कडेलोटावर उभं राहणं.

मशीन स्वतः जड असणं हा दोष नाही. हलकी मशीन १० च्या वेगाला डुगडुगायला लागते.

वेग आणि चढ किती हवा?

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. ती दोन तासांत संपवायची तर सरासरी वेग ताशी साधारण १०.५ किलोमीटर. त्यामुळे बहुतेकांना ताशी १४ किलोमीटरपर्यंतची मशीन पुरते. १६-१८ चा आकडा दिसला म्हणून पैसे वाढवू नका. त्यापेक्षा १० च्या वेगाला मशीन स्थिर राहते का, हे बघा.

चढाचं मात्र सातारकरांनी गांभीर्याने घ्यावं. मोकळ्या रस्त्यावर हवेचा जो विरोध होतो, तो घरात नसतो. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासात दिसलं, की ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला तर लागणारी ऊर्जा सपाट रस्त्यावर पळण्याच्या जवळ येते. वेगाने पळणाऱ्यांसाठी हा ठोकताळा आजही वापरतात.

पण यवतेश्वरच्या घाटाची तयारी १ टक्क्यावर होत नाही. त्यासाठी बटणावर वाढणारा, १० ते १२ टक्क्यांपर्यंतचा ऑटो इन्क्लाइन उपयोगी पडतो. स्वस्त मशीनमध्ये चढ हाताने बदलावा लागतो, तोही दोन-तीन टप्प्यांचाच. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर पळणाऱ्याला हा खर्च वाचवता येईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. साताऱ्याची शर्यत जाताना चढ आणि येताना उतार अशी आहे. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेक लावत राहावं लागतं आणि घरगुती ट्रेडमिल सहसा उतार देत नाही. त्यामुळे पाऊस उघडेल त्या रविवारी घाटात जाणं चुकवता येणार नाही.

मशीन ठेवणार कुठे?

इथे सांगलीकरांनी थांबून विचार करावा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीनही महापुरांनी सांगलीच्या सखल भागांतली घरं पाण्यात घातली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ट्रेडमिलची मोटर आणि कंट्रोल बोर्ड जमिनीपासून काही इंचांवरच असतात. टीव्ही, कागदपत्रं, धान्य वर नेता येतं. ७०-८० किलोची मशीन ऐनवेळी जिन्यातून वर चढवायला चार माणसं लागतात, आणि त्या रात्री ती चार माणसं स्वतःच्या घरात गुंतलेली असतात. पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. पूररेषेतल्या घरात तळमजल्यावर मशीन ठेवणार असाल, तर आधी हा हिशोब करा.

वरच्या मजल्यावर ठेवायची तर जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर नको. स्लॅबवरही खाली जाड रबरी मॅट टाका, नाहीतर खालच्या घरात सकाळी सहाला ढोल वाजल्यासारखं वाटेल. छताची उंचीही मोजा. पट्टा जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर वर असतो, चढ दिला की अजून वर जातो आणि पळताना डोकं उसळतं. माळ्याखाली मशीन लावून डोकं आपटून घेऊ नका.

मशीनच्या मागे दोन मीटर मोकळी जागा सोडा. तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो. मागे भिंत असेल तर पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकून भाजतं, खरचटतं, हाडही मोडू शकतं.

घरात लहान मूल आहे?

मग हा परिच्छेद दोनदा वाचा. २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटॉन कंपनीने आपली 'ट्रेड प्लस' ही ट्रेडमिल बाजारातून परत मागवली. मशीनखाली ओढलं जाऊन एका मुलाचा मृत्यू झाला होता आणि इतर अनेकांना इजा झाली होती. महागडी मशीन होती, तरीही. म्हणून पळून झालं की लाल सेफ्टी की काढून कपाटात ठेवायची आणि सॉकेटचं बटण बंद करायचं. पळताना तीच की कपड्याला अडकवायची. ती शोभेची दोरी नाही.

विजेचं काय?

व्होल्टेज वर-खाली झालं की सगळ्यात आधी कंट्रोल बोर्ड जातो, आणि बोर्ड हा महागड्या भागांपैकी एक आहे. तुमच्या भागात दिवे कमी-जास्त होत असतील तर स्टॅबिलायझर घ्या. त्याची क्षमता मशीनच्या माहितीपुस्तिकेवरून ठरवा, दुकानदाराच्या अंदाजावरून नाही. अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पट्टा घासून स्थिर वीज तयार होते, तिला बाहेर जायला वाट लागते. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नका.

वॉरंटी आणि सर्व्हिस

'मोटरवर १० वर्षं वॉरंटी' असं वाचून हुरळून जाऊ नका. पट्टा, फळी, बोर्ड आणि डिस्प्ले यांवर किती, हे वेगळं विचारा. अनेकदा तिथे एकच वर्ष असतं. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: कारागीर येणार कुठून? साताऱ्याला तो पुण्याहून येणार असेल आणि सांगलीला कोल्हापूरहून, तर येण्या-जाण्याचे पैसे कोण देणार? याचं उत्तर तोंडी नको, मेसेजवर किंवा बिलावर घ्या.

सदोष मशीन आली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करण्याची सोय दिली आहे. म्हणजे ऑनलाइन कंपनी बंगळूरूची असली तरी तुम्हाला सातारा किंवा सांगलीतच दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्कही नाही. म्हणून बिल, वॉरंटी कार्ड आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

स्वस्त घ्यावी, जुनी घ्यावी की घेऊच नये?

एक हिशोब बघा. २५ हजारांची मशीन दोन वर्षांत बंद पडली, तर वर्षाला १२,५०० रुपये गेले. ४५ हजारांची मशीन पाच वर्षं चालली, तर वर्षाला ९ हजार. स्वस्त मशीन महाग पडते ती अशी. पण महाग मशीनही वापरली तरच स्वस्त पडते. त्यामुळे आधी महिनाभर जिममध्ये ट्रेडमिलवर पळून बघा. एका जागी पळायचा कंटाळा आला, तर ४५ हजार वाचले.

बजेट कमी असेल तर चांगल्या बनावटीची जुनी मशीन हा पर्याय वाईट नाही. बघायला जाताना पळायचे बूट घालून जा आणि किमान १५ मिनिटं पळा. पट्ट्याच्या कडा उसवल्यात का, पाऊल पडताच पट्टा क्षणभर अडकतो का, जळका वास येतो का, रोलर घरघरतो का, हे बघा. जिममधून निघालेली मशीन खूप जड असते आणि तिला वेगळी वीजजोडणी लागू शकते, तेही विचारा.

घेतल्यावर काय?

पट्ट्याखाली माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने सिलिकॉन तेल सोडा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. पट्टा एका बाजूला सरकला तर मागचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. आठवड्यातून एकदा धूळ पुसा. समोर पंखा लावा, कारण घरात वारा नसतो आणि घाम दुप्पट येतो.

शेवटी एक गोष्ट. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिची सुरुवात कुठल्या मशीनवर नाही, माणच्या मातीत झाली. ट्रेडमिल पावसाळ्यात तुमचा सराव तुटू देत नाही, एवढंच तिचं काम. ते काम नीट करणारी मशीन घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले बूट.