मेमरी संपली, आता कोणी जायचं?

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालं की भोकरपाड्याजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं 'एनएम १' हे डेटा सेंटर लागतं. जुलै २०२० मध्ये ते सुरू झालं, ७,२०० रॅकच्या क्षमतेचं. जगभरातल्या अशा इमारतींमध्ये बहुतेक सर्व्हरवर लिनक्स चालतं, आणि लिनक्स सांभाळणाऱ्याने कधी ना कधी लॉगमध्ये एक ओळ वाचलेली असते : 'आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस', पुढे प्रोसेसचा क्रमांक आणि नाव. कंटेनर असेल तर 'ओओएमकिल्ड' हा शेरा आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ मध्ये किल सिग्नलचे ९ मिळवून. मेमरी संपली आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, कुणाचा तरी बळी घेतला. बहुधा डेटाबेसचा, कारण सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवलेली असते.

ही मारण्याची रीत आली कुठून? ज्याने जास्तीची मेमरी मागितली त्यालाच दारात 'नाही' सांगितलं असतं, तर दुसऱ्या कुणाचा जीव का गेला असता? कर्नलचा हा इतिहास मला नकाराचा इतिहास वाटतो. तो कोणी द्यायचा, कोणी ऐकायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे दर पिढीत बदलत गेलं.

सुरुवात १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून करू. पीडीपी-११ यंत्रावरचं हे कर्नल एवढं छोटं होतं, की सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी ते जवळजवळ सगळं छापून विद्यार्थ्यांना ओळीओळीने शिकवलं. त्यात मेमरी वाटणाऱ्या फंक्शनचं नाव 'मॅलॉक'. त्याच्यापुढे एक यादी असे : मोकळ्या तुकड्याचा आकार आणि पत्ता, अशा जोड्यांची. मॅलॉक यादीच्या वरच्या टोकापासून निघे, मागणीला पुरेल असा पहिला तुकडा सापडला की त्यातून हवं तेवढं कापून देई आणि यादी संपेपर्यंत काही सापडलं नाही तर शून्य परत करी. इतका सरळ नकार कर्नलने पुढे फार क्वचित दिला.

तो शून्य मिळाल्यावर काय होई, हे बघण्यासारखं आहे. एखाद्या प्रोसेसने वाढीव जागा मागितली आणि ती यंत्राच्या एकूण ऐपतीबाहेरची असली, तर तिला चूक क्रमांक १२ मिळे, 'ईनोमेम'. मागणी ऐपतीतली आहे पण आत्ता जागा नाही, असं असलं तर कर्नल त्याच प्रोसेसला उचलून डिस्कवर ठेवी. जागा झाली की ती वाढलेल्या आकारासह परत आत येई. मागणाराच थांबे, दुसऱ्या कुणाला झळ नाही. मात्र डिस्कवरची ही जागाही संपली तर कर्नल हात वर करी : 'पॅनिक : आउट ऑफ स्वॅप स्पेस'. पॅनिक हे फंक्शन संदेश छापे आणि मग गोल गोल फिरत बसे. मशीन बंद.

कर्नल स्वतःसाठी तर मेमरी मागतच नसे. त्याची कोष्टकं आधीच आखलेली होती : ५० प्रोसेस, १०० उघड्या फाइली, १०० आयनोड. कोष्टक भरलं की मागणाऱ्याला चूक क्रमांक मिळे, आणि फाइली किंवा आयनोडचं असेल तर कन्सोलवर तसा संदेशही येई. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा हा कारभार मला आजही आदराचा वाटतो.

त्याच काळातली एक आठवण टॉम व्हॅन व्लेक यांनी नोंदवली आहे. ते मल्टिक्स या भारदस्त ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. आपण लिहितो त्यातला निम्मा कोड चुकांतून सावरण्याचाच असतो, असं त्यांनी युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना सांगितलं. रिचींचं उत्तर साधारण असं : आम्ही ते सगळं गाळून टाकलं. चूक झाली की पॅनिक, मशीन पडतं, आणि व्हरांड्यात ओरडून सांगायचं की बाबांनो, रीबूट करा. एका मजल्यावरच्या मोजक्या माणसांना ते परवडत होतं.

पुढे कर्नल मोठं झालं, कोष्टकं पुरेनात, आणि तेही स्वतःसाठी मेमरी मागू लागलं. १९८८ मध्ये मकक्यूझिक आणि कॅरल्स यांनी बर्कलीच्या युनिक्ससाठी कर्नलच्या आतला एकच सामाईक मॅलॉक मांडला. मागणारा थांबायला तयार आहे की नाही, हे मागतानाच सांगण्याची सोय त्यात होती. सोलॅरिस या युनिक्सने १९९४ मध्ये जेफ बॉनविक यांच्या स्लॅब पद्धतीत हीच विभागणी ठेवली, आणि लिनक्समध्ये ती 'जीएफपी कर्नल' आणि 'जीएफपी ॲटॉमिक' या नावांनी आहे. पहिला मागणारा झोपून वाट पाहू शकतो. दुसरा, म्हणजे समजा नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट हाताळणारा कोड, क्षणभरही थांबू शकत नाही. त्याला नकार मिळू शकतो, हे तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

घोळ झाला तो प्रोग्रामांना दिलेल्या शब्दात. युनिक्समध्ये नवी प्रोसेस 'फोर्क'ने जन्मते, म्हणजे आईची हुबेहूब प्रत. व्हर्च्युअल मेमरी आल्यावर ही प्रत लगेच करायची गरज उरली नाही. दोघींनी मेमरीची तीच पानं, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, वापरायची, आणि जी लिहायला जाईल तिच्यापुरतं नवं पान द्यायचं. प्रश्न असा, की त्या न केलेल्या प्रतीसाठी जागा राखून ठेवायची का? सोलॅरिस म्हणालं, ठेवायची. लिनक्स मूळ स्वभावाने म्हणतं, अगदीच अचाट मागणी नसेल तर देऊन टाका. गणपतीत पनवेलहून कोकणात जाणारी गाडी पकडणाऱ्याला फरक चटकन कळेल. बर्थ संपले की रेल्वे तुम्हाला वेटिंगवर टाकते. लिनक्स मागेल त्याला कन्फर्म तिकीट देतं, कारण बरेच जण येतच नाहीत असा त्याचा अनुभव. एखाद्या दिवशी सगळेच आले, तर धावत्या गाडीतून कुणाला तरी उतरवणं भाग पडतं.

उतरवणाऱ्याचं नाव ओओएम किलर. तो रिक व्हॅन रील यांनी लिहिला. फाइलच्या माथ्यावर १९९८ आणि २००० ही वर्षं आहेत, आणि हे लिहायला भाग पाडल्याबद्दल क्लाउस फिशर यांचे आभारही. बळी निवडण्याचं त्यांचं गणित माणुसकीचं होतं. प्रोसेसच्या आकाराइतके गुण द्यायचे, त्यांना तिने वापरलेल्या सीपीयू वेळेच्या वर्गमुळाने भागायचं, मग ती किती काळ चालू आहे त्याच्या चौथ्या मुळाने भागायचं. बराच वेळ राबलेलं काम मातीत जाऊ नये, हा हेतू. रूटच्या प्रोसेसचे गुण चौथाई. २०१० मध्ये डेव्हिड रिएंटजेस यांनी हे गणित बदलून साधं केलं : प्रत्यक्ष किती मेमरी अडवली आहे तेवढंच पाहायचं. अंदाज बांधता येतो म्हणून ते बरं. पण काम किती झालं आहे, हा विचार त्यातून गेला, याची मला हळहळ वाटते. त्याआधी २००८ मध्ये बलबीर सिंग आणि पावेल एमेल्यानोव्ह यांच्या कामातून मेमरी कंट्रोलर कर्नलमध्ये आला होता. त्यामुळे प्रत्येक गटाला स्वतःची मर्यादा मिळाली आणि मरणही गटापुरतं राहिलं. आजचे कंटेनर त्याच पायावर उभे आहेत.

आता कर्नलच्या आत जाऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. एखादा ड्रायव्हर सुरू होताना आधी स्वतःच्या नोंदीसाठी जागा मागतो, मग बफर, मग आणखी काही. तिसऱ्या पायरीवर नकार आला तर दुसरी परत करायची, मग पहिली, उलट्या क्रमाने. फंक्शनच्या तळाशी लेबलांची उतरंड असते आणि 'गोटू'ने योग्य पायरीवर उडी घेतली जाते. एक पायरी चुकली तर मेमरी गळते, किंवा परत केलेली जागा पुन्हा परत केली जाते आणि सुरक्षेला भगदाड पडतं. हजारो ठिकाणी असा कोड लिहिलेला आहे.

आणि तो जवळजवळ कधीच चालत नाही. थांबू शकणाऱ्याने ८ पानांपर्यंत, म्हणजे साधारण ३२ केबीपर्यंत मागितलं, तर लिनक्स नकार देतच नाही. पानं मोकळी करतं, पुन्हा प्रयत्न करतं, शेवटी कुणाला तरी मारतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. २०१४ मध्ये तेत्सुओ हांडा यांनी यातला पेच उघड केला. एक प्रोसेस कुलूप धरून मेमरीची वाट पाहते. किलर दुसरीला मारायला काढतो, पण ती त्याच कुलपासाठी थांबलेली, त्यामुळे मरतही नाही. मशीन तिथेच गोठतं. २०१६ मध्ये मिखाल होचको यांनी 'ओओएम रीपर' आणला, जो बळी मरण्याची वाट न बघता त्याची पानं काढून घेतो. पेच बराच सुटला, पण छोट्या मागणीला नकार द्यायला सुरुवात करू या, हे धाडस झालं नाही. कारण उघड होतं : वर्षानुवर्षं न चाललेल्या त्या उतरंडींवर भरवसा कुणाचाच नव्हता.

म्हणून मला या कुळातलं सगळ्यात मोलाचं नाव अकिनोबू मिता यांचं वाटतं. २००७ च्या २.६.२० आवृत्तीत त्यांची 'फॉल्ट इंजेक्शन' सोय आली. मेमरी भरपूर असतानाही ठरावीक प्रमाणात खोटा नकार द्यायचा आणि कोड कसा सावरतो ते पाहायचं. निजलेल्या उतरंडी जाग्या करण्याचा दुसरा मार्ग नाही. पनवेलच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या मुलांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला हे एकदा तरी चालवून बघावं, असं मला फार वाटतं.

एप्रिल २०२१ मध्ये रस्ट भाषा कर्नलमध्ये आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा मोठा आक्षेप नेमका याच जागी होता. रस्टच्या प्रमाण लायब्ररीत मेमरी मिळाली नाही की प्रोग्राम पॅनिक होई. कर्नलमध्ये हे चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत रस्ट आली ती नकार परत करणारी फंक्शनं घेऊन, आणि २०२५ च्या सुरुवातीच्या ६.१३ पर्यंत ती लायब्ररी काढून कर्नलने स्वतःची बनवली. तिथे यादीत एक घटक ढकलायचा तरी थांबायची तयारी आहे की नाही हे सांगावं लागतं. परत येतो तो निकाल : जागा मिळाली, किंवा ईनोमेम, क्रमांक अजूनही १२. तो निकाल न पाहता पुढे गेलात तर कंपायलर त्या ओळीवर बोट ठेवतो.